अकरा जणांचा एक पासवर्ड

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, २३ नोव्हेंबर २००८

प्रिय रुचिता,

माझं अक्षर बघून आधी पोटभर हसून घे. कोंबडीचे पाय म्हणायचीस ना, ते अजून तसेच आहेत, फक्त कोंबडी आता म्हातारी झाली. मेल का केला नाहीस, असं तू विचारशीलच. पण तू मेल ऑफिसात उघडतेस आणि तेव्हा मागे दोघं-तिघं उभी असतात, हे तूच सांगितलं आहेस. राहिला फोन. त्यावर आपल्याला धड बोलता येत नाही, हे गेल्या मंगळवारी दोघींनाही कळलं. मी म्हटलं, विद्यापीठ तुझा तो इंटरनेटवरचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू करतंय, चालवायला येतेस का? तू म्हणालीस, एका मुलीसाठी दोन वर्षं रक्त आटवलं, आता पुन्हा नको. मग माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि फोन ठेवलास. एक डिसेंबरला बैठक आहे. त्या दिवशी समन्वयक म्हणून कागदावर कुणाचं तरी नाव लागणार, आणि मला ते तुझंच घालायचं आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. लांबणार आहे, तेव्हा चहा करून घे आणि मग वाच.

आधी विभागाच्या बातम्या. आपल्या खोलीत आता सहा संगणक आहेत आणि पोरं बूट घालून खुशाल आत जातात. आपले शिपाई हंबीरराव बघत नाहीत तेवढं बरं, ते निवृत्त झाले. तुला आठवतं का, पंच्याण्णव साली पहिला संगणक आला तेव्हा त्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी नेमकं कीबोर्डवर उडवलं? तीन महिने त्या कीबोर्डचं एक बटण दाबलं की शेजारचंही दाबलं जायचं. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत जाताना वहीत सही करायची, आणि किल्ली हंबीररावांच्या कमरेला. आपण दोघी नव्याने लागलेल्या, देवळात शिरावं तशा आत शिरायचो. तू मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर ऐटीत बसायचीस. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून साडेपाचला डबा उघडायचीस, संगणकाच्या खोलीत खायचं नाही म्हणून दारात उभी राहून जेवायचीस आणि नजर सगळी आत पडद्यावर. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही बाई एक दिवस ह्या खोक्यातून वर्ग घेणार.

आणि घेतलासही. दोन हजार तीनच्या जुलैमध्ये तू 'संख्याशास्त्राची ओळख' सुरू केलंस. खेड्यातल्या मुलांना कोल्हापूरला यायला नको, गावातल्या इंटरनेटच्या दुकानात बसून त्यांनी शिकावं, दर आठवड्याला तिथंच चाचणी द्यावी. आपले विभागप्रमुख सर म्हणाले, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. तू ऐकलं नाहीस. मराठी अक्षरं प्रत्येक दुकानात नुसते चौकोन होऊन दिसायची, तेव्हा कुणी म्हणालं इंग्रजीत लिहा. तू काय केलंस, सगळे धडे हातानं कागदावर लिहिलेस, त्या पानांचे फोटो केलेस आणि तेच चढवलेस. दोनशे बारा पानं. नमुना निवडीच्या धड्याची सुरुवात शितावरून भाताची परीक्षा इथून केली होतीस, आणि ते शीत तू काढून दाखवलं होतंस, म्हणजे चक्क एक लांबोडका ठिपका. मी त्यावर किती दिवस चिडवलं तुला. आज सांगते, तसा धडा मला आयुष्यात लिहिता आला नाही.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण ते पुन्हा मांडल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. चाळीस जणांनी नावं घातली. शहरातले एकोणतीस दिवाळीपर्यंत गळाले, आणि ते खरोखरच गळाले, त्यांची वकिली करायला मी बसलेली नाही. उरले शिरोळचे अकरा. त्यातल्या दहा जणांनी एकदाही संगणकावर आपलं नाव टाकून प्रवेश केला नाही. एकटी यल्लव्वा दर आठवड्याला यायची. पण तीही कशी, तर वीस मिनिटांच्या चाचणीला तीन-तीन तास लावायची आणि एक उत्तर चुकायची नाही. सर म्हणायचे, ही नक्की कुणाला तरी विचारून लिहिते. एप्रिलमध्ये समिती नेमली, त्यात मीही होते. तू तेव्हा वडिलांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला होतीस. शिरोळला जाऊन केंद्र, म्हणजे तिथलं ते इंटरनेटचं दुकान, प्रत्यक्ष बघून यायचं होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं. अहवालात लिहिलं गेलं, नोंदणी चाळीस, नियमित विद्यार्थी एक, केंद्र बंद आढळले. जूनमध्ये अभ्यासक्रम बंद झाला आणि वर्षभरात तू राजीनामा देऊन पुण्याला गेलीस. आता तू केनियातल्या आणि मलेशियातल्या विद्यापीठांसाठी धडे बनवतेस, पगारही चांगला आहे, त्याचं मला कौतुकच आहे. पण तू इथून हरून गेलीस, आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मंगळवारी तू फोन ठेवलास, आणि गुरुवारी मला शिरोळकडच्या एका कॉलेजात जावं लागलं. तिथं आपला विषय नव्याने सुरू करायचाय, तर जागा, पुस्तकं, माणसं आहेत का ते बघायला आमची तिघांची समिती गाडीनं गेली. नारळ, शाल, फेटा, सगळं यथासांग झालं. फेट्यात मी कशी दिसते ते विचारू नकोस. जेवणात काय होतं तेही तुझ्यापुढे काढत नाही, फक्त एवढंच की दोन रंगांचा रस्सा होता आणि आमच्या अध्यक्षांनी त्यानंतर कुठलीच त्रुटी काढली नाही. मग प्रयोगशाळा बघायला गेलो. तिथली सहायक मुलगी सगळी माहिती भराभरा देत होती. मला जरा बाजूला घेऊन तिनं विचारलं, रुचिता मॅडम तुमच्यातल्याच ना, त्या आता कुठं असतात? मी म्हटलं, तू कोण गं? तर म्हणाली, मी यल्लव्वा, इंटरनेटवरची.

मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. म्हटलं, म्हणजे त्या अख्ख्या अभ्यासक्रमात एकटी शिकलेली ती तू! ती माझ्याकडे बघतच राहिली.

"एकटी कुठली ओ मॅडम? अकरा जण हुतो की आम्ही."

रुचिता, आता नीट ऐक. आपण प्रत्येकाला बंद पाकिटातून वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड पाठवला होता. अकरा पाकिटं बाळासोच्या दुकानात पोचली. बाळासो म्हणजे ज्याचा एसटीडी बूथ होता आणि ज्यानं त्यातच एक संगणक आणून इंटरनेट सुरू केलं होतं. सगळ्यात आधी यल्लव्वाचं पाकीट फोडलं, तिचा पासवर्ड लागला, तुझं पान दिसायला लागलं. झालं. बाकीची दहा पाकिटं तशीच बिस्किटाच्या डब्यात गेली. का? तर तिथल्या प्रत्येक घरानं पाणीपुरवठा संस्था बघितलेली. नदीवर मोटर एक, पाइप एक, कनेक्शन एका नावावर, आणि पाणी सगळ्यांना पाळीपाळीनं. एक मोटर व्यवस्थित चालत असताना दुसऱ्या दहा कशाला सुरू करायच्या, असा त्यांचा साधा हिशोब. शिवाय सगळ्यांनी आपापली उघडली तर विद्यापीठाकडचा दाब कमी होईल, अशी बाळासोची पक्की समजूत. तू स्वतः त्या भागातली, शेतकऱ्याची मुलगी. तुझ्या माहेरच्या भिंतीवर पाण्याचं पाळीपत्रक लटकलेलं मी बघितलंय. तुझ्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. आपण संख्याशास्त्राच्या दोन प्राध्यापिका, आणि आपल्याला अकरा माणसं मोजता आली नाहीत.

वीज दुपारी दोन ते पाच असायची तेव्हा सगळे जमायचे. दोघं हातमाग सोडून यंत्रमागावर गेलेले, ते सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीहून सायकलवर यायचे. तुझं एक पान उतरायला पाच-पाच मिनिटं लागायची, वरून खाली, ओळ-ओळ करत. त्यांनी त्यातूनही खेळ काढला. वरच्या दोन ओळी दिसल्या की खालची ओळ काय असेल ते वहीत आधी लिहायचं, आणि मग पान खाली आलं की पडताळून बघायचं. यल्लव्वा म्हणाली, पुढं पुढं मॅडम काय लिहिणार ते आम्हाला मॅडमच्या आधी कळायचं. आपण सरांना पत्र लिहून वेगवान लाइन मागत होतो. बरं झालं मिळाली नाही.

आणि त्या तीन तासांच्या चाचणीचं ऐक. त्यांचा नियम असा होता की अकराही जणांना उत्तर का ते समजल्याशिवाय बटण दाबायचं नाही. त्यांच्यात पिराजी म्हणून होता, साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा, वय चाळीसच्या पुढचं, बारावी होऊन वीसहून जास्त वर्षं झालेली. त्याला सगळ्यात उशिरा कळायचं. म्हणून बाकीचे दहा जण त्याला समजावत बसायचे. एकानं सांगून नाही कळलं तर दुसरा सांगायचा, तिसरा ट्रॉलीचं उदाहरण द्यायचा, चौथा दुधाच्या फॅटचं. पिराजीनं मान हलवली की मग ज्याची पाळी असेल तो माऊस धरायचा. मी आयुष्यभर वर्गात विचारत आले, कळलं का? आणि पहिल्या बाकावरची दोघं हो म्हणाली की पुढे गेले. शेवटच्या माणसापाशी थांबून शिकवणं मला कधी जमलं नाही, आणि तुझ्या वर्गात ते शिक्षकाशिवाय चाललं होतं.

शेवटी प्रमाणपत्र आलं एकच, यल्लव्वाच्या नावाचं. बाकीच्या दहांना अनुपस्थित म्हणून पत्रं गेली. मी घाबरत विचारलं, तुम्ही भांडायला कसे आला नाहीत? तर त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. संस्थेला एकच मिळत असेल, असं ते धरून चालले. त्यांनी ते प्रमाणपत्र लॅमिनेट केलं आणि पाळी लावली, महिना महिना एकेकाच्या घरी. सोयरिकीची पावणं येणार असली की त्या घराला पाळी आधी मिळते. सध्या ते पिराजीकडे आहे, त्याच्या मुलीला बघायला येणार आहेत म्हणून. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, अध्यक्ष लांबून विचारत होते, मॅडम, रस्सा तिखट लागला का?

समितीची गाडी पुढे पाठवून मी यल्लव्वाबरोबर बाळासोच्या दुकानात गेले. आता त्याच्याकडे चार संगणक आहेत, झेरॉक्स मशीनही आहे. त्यानं देवाच्या कॅलेंडरमागून कागदांची गुंडाळी काढली. पाळीपत्रक. प्रत्येक आठवड्याची तारीख, कुणाच्या हातात माऊस, वाचून कुणी दाखवलं, कोण आलं, कोण नाही, आणि शेवटच्या रकान्यात 'पिराजीला कळले'. एक्केचाळीस आठवडे, अकरा नावं. आपल्या सर्व्हरनं ठेवली नाही ती हजेरी ह्या कागदानं ठेवलेली. मी बाळासोला म्हटलं, सगळ्याची झेरॉक्स दे, मी विद्यापीठात नेते. तो एकेक कागद मशीनवर ठेवत होता आणि मी चाळत होते. शेवटचा कागद हातात आला. रविवार, अठरा एप्रिल दोन हजार चार. वर लिहिलं होतं, 'विद्यापीठाच्या मॅडम भेटीस येणार.' अकराही नावांपुढे हजर. शेवटच्या रकान्यात पिराजीचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'साडेपाचपर्यंत थांबलो. आल्या नाहीत.'

तुला कळलं असेलच. मी गेले नव्हते, रुचिता. त्या दिवशी मी शिरोळला पोचलेच नाही. जयसिंगपूरला मावशीच्या नातवाचा नामकरण विधी होता, म्हटलं वाटेतच आहे, तासभर बसू आणि दुपारी पुढे जाऊ. वंदना झाली, त्रिशरण झालं, पंचशील झालं, बाळाचं नाव प्रसेनजीत ठेवलं, मग जेवणं. ऊन मी म्हणत होतं. मावशी म्हणाली, जरा पड. पडले ती पाचला उठले. आणि उठल्यावर तिथूनच तुला मिरजेच्या दवाखान्यात फोन केला, की जाऊन आले, केंद्र बंद होतं, कुणी नव्हतं. खोटं बोलणार नाही हे शील मी त्याच सकाळी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटलं होतं. तू आदल्या दिवशी विचारलंही होतंस, मिरजेहून तासाभराचं अंतर आहे, मीच जाऊन येऊ का? मीच म्हटलं, तू वडिलांजवळ थांब, मी आहे ना. फोनवर तू म्हणालीस, बरं झालं तू स्वतः बघून आलीस, नाहीतर मी उगाच आशा धरून बसले असते.

झोपेचं निमित्त सांगून मी सुटू शकते, पण आता अर्धवट कशाला लिहू? त्या वर्षी जो येईल तो तुझं कौतुक करायचा. पेपरात तुझा फोटो आला होता, मी तुझ्या शेजारी उभी होते आणि मला कापलं होतं. केंद्रात कुणी नसेलच, असं मला जाण्याआधीच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. अभ्यासक्रम बंद झाला तेव्हा तुझ्याबरोबर मीही रडले, ते रडणं खरं होतं. पण त्याच्या आत मला थोडं बरं वाटलं होतं, तेही खरं. साडेचार वर्षं मी स्वतःला समजावत आले, की गेले असते तरी तिथं एकटी यल्लव्वाच असती. गुरुवारी तेवढाही आधार राहिला नाही.

बाळासो तो शेवटचा कागद हातात घेऊन उभा होता.

"मॅडम, ह्योबी मारू का? का ऱ्हाऊ दे? ह्यात काय अभ्यासाचं न्हाय."

तो कागद मागे ठेवला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. चाळीस आठवड्यांची हजेरी पुरेशी होती. यल्लव्वा माझ्या शेजारी उभी होती. ती सहज म्हणाली, त्या दिवशी कोण येणार होतं कुणास ठाऊक, आम्ही बाळासोच्या घरून खुर्च्या आणलेल्या, पिराजी इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. मी बाळासोला एवढंच म्हटलं, ह्याच्या दोन प्रती काढ.

एक प्रत ह्या पत्रासोबत आहे. दुसरी माझ्या अर्जाला जोडली आहे. अठरा एप्रिलची भेट मी दिलीच नव्हती, अहवालातलं ते वाक्य खोटं आहे आणि ते माझं आहे, उरलेल्या दहा जणांना त्यांची प्रमाणपत्रं मिळावीत, असा तो अर्ज आहे. एक डिसेंबरच्या बैठकीत मी तो देणार. पुढच्या वर्षी विभागप्रमुखपद माझ्याकडे यायचं होतं, ते बहुधा आता येणार नाही, आणि खरंच सांगते, त्याचं दुःख मला वाटलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा होत नाही. पण बैठकीतलं बाहेर पडायला वेळ लागत नाही, आणि हे तुला तिसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. समन्वयकाच्या जागी मी तुझं नाव लिहिलं आहे. माझ्यावर रागावून नाही म्हणायचं असेल तर माझ्याशी बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, माझ्या खोलीत बसू नकोस, पण कामाला हो म्हण. तू हरली नव्हतीस, रुचिता, तुझे अकरा विद्यार्थी होते आणि अकराही शिकले. येत्या शनिवारी दुपारी दोनला त्या सगळ्यांना यल्लव्वानं बाळासोच्या दुकानात बोलावलं आहे. विद्यापीठाच्या मॅडम येणार, एवढंच तिनं सांगितलंय. मी जाणार आहे, आणि त्या रविवारी कोण आलं नव्हतं ते माझ्या तोंडानं सांगणार आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलीस तरी सांगेन. ह्या वेळी मी कोल्हापुरातून थेट शिरोळची गाडी धरणार आहे, वाटेत कुणाकडेही उतरणार नाही.

तुझीच,
निशा